वाफसा

एप्रिलची सोळा तारीख. कुरणाच्या उत्तरेला, पाइनच्या सावलीत
अजून मळक्या बर्फाची एक पट्टी पडून आहे
कुणी टाकून दिलेल्या गोणपाटासारखी.

विस्कॉन्सिनच्या या उतारावर
मक्याच्या धसकटांत बूट रोवून मी उभी.
मुठीत माती घेते, दाबते, अंगठ्याने पुढे सारते.
फीत निघते. गुळगुळीत, चकाकती, बोटभर लांब.
म्हणजे नाही. आजही नाही.
ती कशी फुटायला हवी हे हाताला ठाऊक आहे,
तोंडाला सांगता येत नाही.

गोठ्यामागचा खड्डा मात्र कुणासाठी थांबत नाही.
एकशे बारा गाई, पाच महिन्यांचा हिवाळा,
शेण, मूत, धुण्याचं पाणी, वितळलेला बर्फ.
लोखंडी खांबावरच्या लाल खुणेला
आता चार बोटं उरली.
पहाटेच्या धारा झाल्या की युसेबियो तिकडे जातो
आणि परत येऊन नुसती बोटं दाखवतो.
काल पाच होती.

गाईंना कसं सांगणार, जरा दमानं घ्या?

वडिलांना एकदा दम निघाला नव्हता.
मार्चमध्ये, गोठलेल्या रानावर, टाकीमागून टाकी.
रात्री पाऊस आला. सकाळी खालचा ओढा कॉफीच्या रंगाचा
आणि ट्राउट मासे, पांढरी पोटं वर करून
पुलाच्या खांबांना अडकलेले.
मी नऊ वर्षांची. शाळेच्या बसमध्ये
माझ्या शेजारची जागा आठवडाभर रिकामी राहिली.
वडील त्यावर कधी बोलले नाहीत.
ओढ्याकाठची चाळीस पावलं जमीन गवताला सोडली,
आणि तिथे ट्रॅक्टर वळवताना
पाण्याकडे पाहायचे नाहीत.

घात आली, घात झाला.
मध्ये अंतर ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांचं.
ओल्या रानात चाक घातलं की मातीची वीट होते,
गांडुळांची बिळं मिटतात,
जुलैत मुळं त्या विटेपर्यंत जातात
आणि आडवी पसरतात,
तहानलेली, पाण्याच्या वीतभर वर.

रात्री एल्डन क्विस्टाडचा फोन. टेकडीपलीकडचा.
नोव्हेंबरात त्याने गाई विकल्या,
सगळ्या, एका दुपारी, दोन ट्रकांत.
‘तुझा खड्डा भरलाय म्हणे.’
‘कोण म्हणालं?’
‘वारा.’
मग बराच वेळ काही नाही. मागे त्याचा रेडिओ.
‘माझा रिकामाच आहे,’ तो म्हणाला. ‘आण.’

कुत्र्याला स्वयंपाकघरात कोंडलं.
वाऱ्याकडे पाठ करून पंप सुरू केला,
कारण ढवळलेला खड्डा आधी श्वास सोडतो
आणि तो श्वास माणसाला परत उठू देत नाही.
वरची साय फाटली. खालून सबंध हिवाळा वर आला.

दोन दिवस टाक्या रस्त्यावर.
एल्डन आपल्या खड्ड्याच्या काठाशी उभा,
गोठ्याच्या दारावर खडूने रेघा ओढत.
त्याच दारावर, पुसट, वासरांच्या जन्मतारखा.
त्याच्या बायकोने घराच्या खिडक्या धाडधाड लावल्या.
तिसऱ्या टाकीला त्यातली एक उघडली.
‘झोप नव्हती रे तिला,’ एल्डन युसेबियोला म्हणाला,
‘घराला कसलाच वास नव्हता.’
युसेबियोने मान हलवली. त्याला निम्मंच कळलं असेल,
किंवा सगळं.

मग नऊ दिवस नुसता वारा. कोरडा, दक्षिणेचा.

आज पहाटे मूठ उघडली.
अंगठा लावला, आणि माती
कसलाही हट्ट न करता सुटी झाली.
दुपारपर्यंत युसेबियो नळी ओढत पुढे,
मागोमाग मी कुळव घेऊन,
शेणकाला उन्हात उडून जायच्या आत मातीखाली.
नांगर शेडमध्येच. त्याच्या फाळावर मांजर निजलंय.

संध्याकाळी एल्डनला फोन केला.
हॅलो नाही, काही नाही.
‘फुटली?’
‘फुटली.’